तळघर, घाम आणि समोरच्याची जांभई

२०१३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने पंक फॅशनच्या प्रदर्शनात चक्क एक संडास मांडला. भिंतींवरच्या खरडाखरडीसकट हुबेहूब नक्कल. मूळ संडास सीबीजीबी नावाच्या क्लबातला, आणि त्याची कीर्ती तिथे वाजवणाऱ्या बँडांच्या तोडीस तोड.

हिली क्रिस्टल यांनी १९७३ साली बावरी नावाच्या कळकट रस्त्यावर हा क्लब काढला. नावातली अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजची. वाजलं मात्र भलतंच. रामोन्स, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स, पॅटी स्मिथ असं सगळं पुढचं पंक आणि न्यू वेव्ह तिथे वयात आलं, कारण मालकाची अट एकच होती: गाणी स्वतःची वाजवा, दुसऱ्याची नकोत. २००६ साली भाड्याच्या वादातून क्लब बंद पडला आणि मग तिथे डिझायनर कपड्यांचं दुकान आलं. छोट्या जागांची गंमत आणि गोची ही अशी एकाच छपराखाली नांदते.

घाम, फिनेल आणि कुजकी फळं

लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लब १९५७ साली फळांच्या वखारीखालच्या तळघरात सुरू झाला. विटांच्या कमानी, खेळती हवा नाही, दारूचा परवानाही नाही. गर्दी झाली की भिंतींवरून पाणी ओघळायचं, छतातून टपकायचं, आणि ओलाव्याने वीज गेली की गाणं बंद. घाम, जंतुनाशक आणि कुजक्या फळांचा मिश्र वास कपड्यांना असा चिकटायचा, की पोरं कुठून आली ते घरी विचारावं लागत नसे.

या कोंदट भुयारात बीटल्सनी १९६१ ते १९६३ या काळात २९२ वेळा वाजवलं. त्यात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतले कार्यक्रमही होते. जवळपासच्या ऑफिसांतल्या मुली सँडविच खात ऐकायच्या. अशाच एका दुपारी, ९ नोव्हेंबर १९६१ ला, जवळच्या रेकॉर्डच्या दुकानाचा कारभार पाहणारे ब्रायन एपस्टीन सुटाबुटात पायऱ्या उतरून आले आणि थोड्याच दिवसांत बीटल्सचे मॅनेजर झाले. कोट सांभाळणारी एक मुलगी, सिला ब्लॅक, पुढे स्वतःच ब्रिटनची आघाडीची गायिका झाली.

१९७३ साली भुयारी रेल्वेला हवेचा झरोका हवा म्हणून कॅव्हर्न बंद करून वरची इमारत पाडली. झरोका काही झालाच नाही! जिथे कधी हवा खेळली नाही, ती जागा हवेपायीच गेली. मग १९८४ मध्ये जुन्या बऱ्याचशा विटा वापरून त्याच ठिकाणी नवा कॅव्हर्न उभा राहिला.

एव्हान्स वाजवतोय आणि मंडळी गप्पा मारतायत

न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड हे १९३५ पासूनचं पाचरीच्या आकाराचं तळघर. बसायची परवानगी १२३ जणांना. वादकांची खोली म्हणजे तिथलं जुनं स्वयंपाकघर. जॅझमधले थोर थोर लोक स्टेजवर जाण्याआधी तिथे टेकलेले आहेत.

२५ जून १९६१ च्या रविवारी जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाने तिथे दुपारपासून रात्रीपर्यंत वाजवलं आणि ते ध्वनिमुद्रित झालं. त्या रेकॉर्डवर पियानोच्या जोडीने ग्लासांचा किणकिणाट आणि टेबलांवरची कुजबुज स्पष्ट ऐकू येते. पुढ्यात एव्हान्स बसलाय आणि लोकांना गप्पा सुचतात, याचा संताप येतो. पण खरं सांगायचं तर तो किणकिणाट पुसून टाकलेली प्रत कुणी दिली, तर मी घेणार नाही. त्या दुपारनंतर अकराव्या दिवशी बास वाजवणारा स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला. तो २५ वर्षांचा होता.

तिघांपेक्षा जास्त वाजवाल तर खबरदार

न्यूयॉर्कमध्ये १९२६ साली कॅबरे कायदा आला: परवाना नसलेल्या जागी नाचायचं नाही. पुढे त्यात आणखी कलमं घुसली. विनापरवाना छोट्या जागेत वादक जास्तीत जास्त तीन. पियानो आणि तारवाद्यं चालतील, पण ड्रम आणि सॅक्सोफोन नकोत. जॅझच्या राजधानीत हा नियम! १९८०च्या दशकात कोर्टाने ही कलमं मोडीत काढली. क्लबात वाजवायला पोलिसांकडून कार्डही घ्यावं लागे. ते काढून घेतल्यामुळे थेलोनियस मंक हा अफलातून पियानोवादक १९५१ पासून सहा वर्षं शहरातल्या क्लबांत वाजवू शकला नाही. मूळ कायदा गेला तो थेट २०१७ साली.

वाजवा, आणि वर पैसे भरा

जपानमध्ये अशा जागांना ‘लाइव्ह हाउस’ म्हणतात. तिथे नव्या बँडला ठरावीक तिकिटं खपवावी लागतात. न खपलेल्यांचे पैसे बँडच्या खिशातून. श्रोतेही सुटत नाहीत. अनेक लाइव्ह हाउस कागदोपत्री उपाहारगृहं असल्यामुळे तिकिटाशिवाय एक पेय घेणं सक्तीचं.

मालक तरी गब्बर होतात का? ब्रिटनच्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या २०२३ च्या अहवालात छोट्या जागांचा सरासरी नफा निघाला ०.५ टक्के. त्या एका वर्षात १२५ जागांमधलं गाणं थांबलं. वडापावची गाडी यापेक्षा बरी.

नंतर आला, त्याने कानाची सोय करावी

क्लब वर्षानुवर्षं एका गल्लीत असतो. गल्ली ‘हॅपनिंग’ होते, शेजारी टॉवर उठतो, आणि पहिल्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरून आवाजाची तक्रार येते. मेलबर्नमध्ये २०१० साली परवान्याच्या जाचक अटींमुळे ‘द टोट’ हा पब बंद पडला, तेव्हा हजारो लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले. २०१४ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने नियमच केला: जुन्या क्लबाशेजारी जो नवं बांधेल, आवाज अडवण्याचा खर्च त्याचा. मुंबईच्या बिल्डरांना हे कळू देऊ नका.

आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद केले. बरंच केलं, गणपतीत ज्यांच्या खिडकीखाली डीजे लागतो त्यांना विचारा. पण शास्त्रीय संगीताच्या मैफलींची पहाट त्यात गेली. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्रभर जागून ऐकणाऱ्यांची पिढी आता फक्त आठवणी सांगते. उत्तररात्रीचा राग त्याच्या वेळेला ऐकायचा, तर उरली ती घरगुती बैठक. माइक नाही, त्यामुळे तक्रारही नाही.

बैठकीचे फायदे सर्वांना ठाऊक आहेत: तंबोऱ्याची जवारी कानाशी, गवयाने श्वास कुठे घेतला तेही कळतं. तोटे कुणी बोलत नाही. दीड तास मांडी घालून पायाला मुंग्या येतात आणि उठायची सोय नसते, कारण उठणारा प्रत्येक माणूस गवयाला दिसतो. तुमची जांभईही दिसते. एखादा जाणकार समेच्या आधीच मान हलवून मोकळा होतो. आणि ऐन विलंबितात स्वयंपाकघरात मसालेभाताचा कुकर शिट्टी देतो. ती सुरात असल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नाही.

फर्माईशीचा दरफलक

न्यूऑर्लिन्सचा प्रिझर्व्हेशन हॉल या बैठकीच्या फार जवळचा. १९६१ पासून तिथे जुन्या वळणाचं जॅझ चालतं. खोली लहान, दारू मिळत नाही, पुढच्या लोकांनी जमिनीवर गाद्यांवर बसायचं, मागच्यांनी उभं राहायचं. भिंतीवर मात्र फर्माईशीचे दर लिहिलेले: पारंपरिक गाण्याला अमुक, इतर गाण्याला त्याहून जास्त, आणि ‘सेंट्स’ हे अतिपरिचित गाणं हवं असेल तर सर्वांत जास्त. रोज तेच वाजवून कंटाळलेल्या वादकांनी काढलेला हा दंडच म्हणायचा. आपल्या सुगम संगीतवाल्यांनी हा फलक जरूर उचलावा. सर्वांत मोठा आकडा कोणत्या गाण्यापुढे लिहायचा, यावरून वाद्यवृंदात मारामारी होईल ती वेगळी.