डोंगराचा जमाखर्च

कात्रजच्या चौकात बसची वाट पाहत चहाचा पेला हातात घ्यावा, तर समोर डोंगर उभा असतो. पेल्यातला चहा आसामच्या सपाटीवरचा असेल, नाहीतर निलगिरीच्या उतारावरचा. निलगिरीत शोला जंगले आणि माथ्यावरची गवताळ राने मोडून चहाचे मळे उभे राहिले. चहाच्या पानाला भाव मिळाला. रानाने धरलेल्या पाण्याचा आणि मातीचा भाव मात्र कोणी विचारला नाही.

कात्रजला चहा पिकत नाही. इथे पीक इमारतींचे. पण हिशेबातली चूक तीच.

१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्यावर कात्रजला तलाव बांधला. तिथून जमिनीखालच्या नळाने, केवळ उताराच्या बळावर, पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेले. बांधकाम पेशव्यांचे, पण पाणी साठवून देणारा डोंगर होता. गवत आणि झाडोरा पावसाचा मारा झेलत, पाणी मुरे आणि मग ओढ्याला सावकाश येई. या कामाचा पगार डोंगराने कधी मागितला नाही.

आपण उतार फोडले, सपाट केले, वर सिमेंट ओतले. ६ जून २०१३ रोजी शिंदेवाडीजवळ, फोडलेल्या डोंगरावरून आलेला लोंढा पुणे-सातारा महामार्गावर घुसला आणि एक आई व तिची चिमुकली मुलगी वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा वस्त्यांत शिरला. त्या पावसात पुणे परिसरात वीसहून अधिक जीव गेले. पाऊस भयंकर होता हे खरे. पण वर मुरायला जागा नाही आणि खाली ओढ्याचे पात्र आवळलेले, मग पाण्याने जावे कुठे?

रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये निसर्गाच्या अशा फुकट सेवांची किंमत मांडून पाहिली. आकडा आला वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या साऱ्या जगाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. आकड्यावर वाद झाले, पण मुद्दा उरला: ज्याची किंमत मांडली जात नाही, ते शून्य धरले जाते.

पुण्यात समाविष्ट गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण आहे. पण ज्याची जमीन त्यात अडकली, तो विचारतो, ‘पाणी साऱ्या शहराचे, मग तोटा माझ्या एकट्याचा का?’ प्रश्न रास्त आहे. डोंगर राखायचा तर राखणाऱ्याला मोबदला शहरानेच द्यायला हवा. पुरानंतरच्या भरपाईपेक्षा तो खचित स्वस्त पडेल.

प्राणिसंग्रहालय दाखवायला मुलांना कात्रजला न्याल, तेव्हा शेजारच्या तलावापलीकडे बोट दाखवून एवढे सांगा: शनिवारवाड्याला पाणी पाजले ते या डोंगराने.