घड्याळातील अडलेली तारीख

वडिलांच्या पश्चात आमच्याकडे आलेल्या मनगटी घड्याळाची वेळ बिनचूक असे; तारीख मात्र बदलेनाशी झाली. घड्याळजींनी काटे व तबकडी उतरवून आम्हांस आतील रचना दाखविली. तारखांच्या कड्याला आतून 31 दाते असतात. चोवीस तासांत एक फेरा घेणाऱ्या चाकावरील लहानसे बोट मध्यरात्रीच्या सुमारास त्यांतील एक दाता पुढे लोटते आणि स्प्रिंगचा खटका कडे जागच्या जागी धरून ठेवतो. ते बोटच मोडले होते.

“आपण रात्री तारीख फिरविली होती काय?” त्यांनी विचारले. आम्ही खजील झालो. बहुतेक घड्याळांत रात्री 9 ते पहाटे 3 पर्यंत बोट दात्यांत गुंतलेले असते. तेव्हा चावीने तारीख ढकलल्यास नाजूक भाग मोडतो.

वाचकहो, 31 पेक्षा कमी दिवसांचे महिने वर्षात पाच. त्यांनंतर तारीख हातानेच लावावी लागते. प्रथम काटे 6 वर आणावे, मग तारीख लावावी. तारीख दुपारी बदलत असल्यास काटे बारा तास पुढे न्यावे. तो बिघाड नव्हे.

नवे बोट बसले, घड्याळ सुधारले. वडिलांनी जपलेली वस्तू काळाने नव्हे, आमच्या उतावळेपणाने मोडली होती.