फोटो वेबपी केले, तरी साइट जड का?

स्वतःच्या व्यवसायाची वेबसाइट चालवणाऱ्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : "सगळे फोटो वेबपी करून टाका, साइट पळायला लागेल." वेबपी हा फोटो दाबून लहान करणारा फॉरमॅट, तेव्हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही आणि त्याचा भुर्दंड साइट पाहणाऱ्याला पडतो. त्याचा डेटा जातो, फोन तापतो आणि पान उघडत नाही म्हणून तो दुसरीकडे वळतो. म्हणून या विषयातले काही गैरसमज जरा नीट उलगडून पाहू.

"फॉरमॅट बदलला की काम झालं"

कोकणातल्या एखाद्या होमस्टेची साइट घ्या. मालक फोनवर अंगणाचे, खोल्यांचे, माशाच्या ताटाचे फोटो काढतात आणि जसेच्या तसे चढवतात. 12 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून आलेला फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा, म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेलचा असतो. तो पाहणारं कुटुंब घाटात असतं, रेंज येऊन-जाऊन. त्यांच्या उभ्या धरलेल्या फोनचा पडदा बहुधा 1080 ते 1300 पिक्सेल रुंद. तिथे 1200 बाय 900 चा फोटो लख्ख दिसतो आणि त्यात पिक्सेल भरतात 10 लाख 80 हजार. बाकीचे दहापट पिक्सेल उतरवून घ्यायचे आणि पडद्यावर बसत नाहीत म्हणून टाकून द्यायचे, एवढाच उद्योग फोन करतो. हे सगळं वेबपीत केलं तरी वाया जाणारा माल तेवढाच राहतो, फक्त तो जरा दाबून बांधलेला असतो.

शिवाय हे दाबणं वाटेपुरतंच असतं. फोनवर पोचल्यावर फाइल उलगडावी लागते आणि उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला साधारण 4 बाइट मेमरी लागते. त्या हिशोबाने 4000 बाय 3000 चा फोटो 48 मेगाबाइट जागा खातो. तो मुळात जेपेग होता, वेबपी होता की एव्हिफ हा त्याहून नवा फॉरमॅट, याने इथे फरक पडत नाही. 1200 रुंदीचा तोच फोटो सव्वाचार मेगाबाइटच्या आसपास भागवतो. स्वस्त फोनवर पान खाली सरकवताना झटके का बसतात, त्याचं एक कारण इथे आहे.

तेव्हा फॉरमॅटच्या आधी माप. एकाच फोटोच्या 400, 800, 1200, 2000 अशा रुंदीच्या प्रती करायच्या आणि 'सोर्ससेट' या गुणधर्मात त्यांची यादी द्यायची. पडद्यानुसार योग्य ती प्रत ब्राउझर स्वतः निवडतो. वर्डप्रेस हे 2015 पासून आपणहून करतं. पण सोबतचा 'साइझेस' हा गुणधर्म चुकला तर सगळं मुसळ केरात. तो दिलाच नाही, तर फोटो पडद्याच्या पूर्ण रुंदीचा आहे असं ब्राउझर धरून चालतो. मग एका ओळीत तीन फोटो मांडलेल्या गॅलरीतही प्रत्येक फोटो तिप्पट रुंदीचा उतरतो. वेग नाही म्हणून तक्रार आलेल्या साइटवर मी सगळ्यात आधी हीच जागा तपासतो.

"वेबपी नेहमी लहान, एव्हिफ त्याहून लहान"

वेबपी गूगलने 2010 मध्ये आणलं. सारख्या दर्जाच्या जेपेगपेक्षा ते 25 ते 34 टक्के लहान भरतं, असा गूगलच्याच तुलनेचा निष्कर्ष आहे. यातले "सारख्या दर्जाच्या" हे शब्द सगळे विसरतात. निष्कर्ष सरासरीचा आहे, प्रत्येक फोटोला मिळालेली हमी नव्हे. आधीच भरपूर दाबलेला, दोन-चारदा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला जेपेग तुम्ही वेबपी केला, तर कधी कधी फाइल वाढतेसुद्धा. जेपेगमुळे चित्रात आलेले चौकोनी डाग रूपांतर करणारा एन्कोडर खरा तपशील समजून इमानाने जपतो, आणि वर स्वतःची झीज घालतो ती वेगळीच. म्हणून रूपांतर नेहमी मूळ फोटोवरून करावं.

दुसरी गल्लत क्वालिटीच्या आकड्याची. जेपेगचा 80, वेबपीचा 80 आणि एव्हिफचा 80 या तीन वेगळ्या पट्ट्या आहेत. जेपेगला 80 ठेवायची सवय असलेला माणूस एव्हिफलाही 80 ठेवतो आणि फाइल लहान का झाली नाही म्हणून वैतागतो. एव्हिफमध्ये बऱ्याच फोटोंना 50 ते 60 च्या आसपास पुरतं. पण आकडा पाठ करण्यापेक्षा आपल्याच दोन-तीन फोटोंवर करून, डोळ्यांनी पाहून ठरवावं. आकाश, भिंत, चेहऱ्याची त्वचा या सपाट जागा आधी बिघडतात. तिथे बघा.

"जेपेग आता भंगारात"

जेपेगचं मानक 1992 चं. फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचं डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म काढायचं आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक चढउतार कमी अचूकतेने साठवायचे, ही त्याची रीत. हे ट्रान्सफॉर्म बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत 1974 मध्ये मांडलं. आज आपण पाहतो त्या फोटोंच्या आणि व्हिडिओंच्या मोठ्या हिश्श्यामागे हे गणित आहे, आणि आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जेपेगला अजून काम आहे. प्रोग्रेसिव्ह जेपेग आधी धूसर चित्र दाखवतं आणि मग ते स्पष्ट करत नेतं, त्यामुळे मंद नेटवर्कवर पाहणाऱ्याला लगेच काहीतरी दिसतं. एव्हिफ साधारणपणे पूर्ण उतरल्यावरच दिसतं.

"पीएनजी म्हणजे उत्तम दर्जा"

पीएनजीत काहीच गळत नाही, हे खरं. पण फोटोत पानापानावर, लाटेलाटेवर रंग बदलतो. तो सगळा जसाच्या तसा साठवायचा तर फाइल जेपेगच्या कित्येक पट होते आणि डोळ्याला फरक दिसत नाही. पीएनजी ठेवा ते स्क्रीनशॉट आणि आकृत्यांसाठी. तिथेही वेबपीचा काहीही न गाळणारा प्रकार बहुधा लहान पडतो. लोगोसाठी एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा आणि आकार साठवणारा फॉरमॅट.

"पोस्टरही वेबपी केलं तर काय बिघडतं?"

मराठी साइटवर हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे मजकूरच चित्रात घालून चढवायची फार सवय. नवरात्रीच्या कार्यक्रमाचं पोस्टर घ्या : गडद निळ्यावर लाल अक्षरं. माहिती गाळणारं वेबपी प्रत्येक पिक्सेलचा उजेड नोंदवतं, पण रंग मात्र दोन बाय दोन, म्हणजे चार पिक्सेलना मिळून एकदाच. फोटोत हे खपून जातं, कारण डोळा उजेडाला तिखट आणि रंगाला मंद असतो. पण लाल आणि गडद निळा यांच्या उजेडात फरक थोडा आणि रंगात प्रचंड, त्यामुळे अक्षराची कड रंगावरच उभी असते. ती चार पिक्सेलच्या सरासरीत विरघळते. 'रंग' या शब्दावरचा दोन पिक्सेलचा अनुस्वार मळकट जांभळा ठिपका होतो, रफाराची कमान आणि ऱ्हस्व उकाराची शेपटी पुसट होतात. क्वालिटी 95 केली तरी रंगाची ही काटछाट टळत नाही. जेपेग आणि एव्हिफमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र रंग ठेवायची सोय आहे. वेबपीत ते हवं असेल तर काहीही न गाळणारा प्रकारच घ्यावा लागतो.

खरं तर यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे अक्षरं चित्रात घालूच नयेत. मागचं चित्र वेगळं, त्यावर युनिकोडमधला मजकूर. मग तो शोधात सापडतो, मोठा करून वाचता येतो आणि अंध वाचकाला स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो.

"जुन्या फोनवर काहीच दिसणार नाही"

वेबपी क्रोममध्ये बऱ्याच आधीपासून आहे. फायरफॉक्समध्ये ते 2019 ला आलं, सफारीत 2020 ला. म्हणजे त्याची भीती आता बाळगायला नको. एव्हिफ क्रोममध्ये 2020, फायरफॉक्समध्ये 2021, आयफोनवर 2022 चं आयओएस 16 आणि एजमध्ये थेट 2024 अशा क्रमाने आलं. आयओएस 15 वरच थांबलेल्या आयफोन 7 वर एव्हिफ उघडत नाही. पण म्हणून ते सोडायचं कारण नाही. 'पिक्चर' टॅगमध्ये आधी एव्हिफ, मग वेबपी आणि शेवटी साधा जेपेग द्या. ब्राउझर वरून खाली वाचत जातो आणि जमेल ती पहिली फाइल घेतो. वेबपी वर आणि एव्हिफ खाली लिहिलंत, तर एव्हिफची पाळी जवळजवळ येणारच नाही.

आयफोनची हेइक फाइल मात्र थेट चढवू नका, क्रोम ती दाखवत नाही. आणि नावापुढचं हेइक खोडून जेपेग लिहिल्याने ती जेपेग होत नाही, आतला मजकूर तोच राहतो.

"72 डीपीआय करा, हलकं होईल"

हा सल्ला छपाईच्या जगातून आला. डीपीआय म्हणजे कागदावर किती दाट छापायचं याची फाइलमधली नुसती नोंद. 1200 बाय 900 चा फोटो 72 वर असो वा 300 वर, पिक्सेल तितकेच राहतात आणि ब्राउझर ती नोंद विचारातही घेत नाही.

"सगळ्या चित्रांना लेझी लोडिंग लावा"

लेझी लोडिंग म्हणजे फोटो पडद्याजवळ आल्यावरच मागवणं. पान उघडताच दिसणाऱ्या मोठ्या फोटोला ते लावू नका. पानाची मांडणी ठरेपर्यंत ब्राउझर तो मागवायचं लांबवतो. गूगलच्या निकषानुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसायला हवा, आणि तो घटक बहुतेक वेळा हाच फोटो असतो. लेझी लोडिंग खालच्या गॅलरीला ठेवा. शिवाय प्रत्येक फोटोला रुंदी आणि उंची लिहा. ती दिली की ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो, आणि बुकिंगच्या बटणावर बोट टेकवता टेकवता बटण खाली सरकत नाही.