कुळकथा सांगणारी गुणसूत्रे

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. इतिहासाच्या तासाला वर्गात वाद जुंपला होता. होळकरांच्या काळापासून आपले घराणे माळव्यात आहे, असे एकजण अभिमानाने सांगत होता. तर दुसरा आपले मूळ थेट साताऱ्याला नेऊन भिडवीत होता. इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुम्ही तर घरी कोकणी बोलता, मग तुम्ही मूळच्या कोण?" सारे हसले, मीही हसले, परंतु प्रश्न मनात रुतून बसला. विज्ञान हा माझा विषय नव्हे. तरीही त्या प्रश्नाच्या निमित्ताने जे वाचले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून आलेले असते. ही गुणसूत्रे म्हणजे डीएनए नावाच्या द्रव्याचे लांबच लांब धागे होत. जोडीतील दोन गुणसूत्रे म्हणजे फुलांच्या दोन वेण्या आहेत, अशी कल्पना करा. एक अबोलीची, दुसरी मोगऱ्याची. पुढील पिढीसाठी बीजपेशी तयार होताना या वेण्या शेजारी शेजारी येतात, एकाच ठिकाणी तुटतात आणि त्यांचे तुकडे परस्परांशी जोडले जातात. अपत्याच्या वाट्याला येते ती अशी मिश्र वेणी. या क्रियेला पारगती अथवा पुनःसंयोग म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ मॉर्गन यांनी फळमाशीवरील प्रयोगांतून 1911 च्या सुमारास ही कल्पना मांडली, आणि 1913 मध्ये त्यांचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट याने तिच्या आधारे गुणसूत्राचा पहिला नकाशा तयार केला.

आता गंमत पाहा. पिढ्यान्‌पिढ्या वेण्या तुटत व जुळत गेल्या, म्हणजे मोगऱ्याचे सलग तुकडे आखूड होत जाणार. तुकडे लांब असतील तर दोन समाजांचे मिश्रण अलीकडचे. आखूड असतील तर फार जुने. या तुकड्यांची लांबी मोजली की काळाचा अंदाज बांधता येतो. पुनःसंयोग हे जणू निसर्गाचे घड्याळच होय.

पुरुषाच्या अंगी असणारे वाय गुणसूत्र मात्र या देवघेवीतून जवळजवळ अलिप्त राहते. त्याच्या दोन्ही टोकांचा अल्पसा भाग सोडला, तर सुमारे 95 टक्के भाग बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो. नक्कल उतरविताना क्वचित एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढील साऱ्या वंशजांत उतरतो. अशा बदलांवरून पितृपरंपरेचा माग काढता येतो. सुमारे 6 कोटी 20 लक्ष अक्षरांच्या या गुणसूत्राचे संपूर्ण वाचन 2023 साली प्रसिद्ध झाले. पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए याउलट केवळ आईकडून येतो. त्यावरून मातृपरंपरा कळते.

या विद्येचे एक सुंदर उदाहरण आपल्या कोकणातलेच आहे. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा आहे. हे लोक कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. भाषा मराठी, आडनावे गावावरून पडलेली. त्यांच्यापैकी सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. 1948 नंतर यातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले.

2016 मध्ये येदाएल वाल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या समाजातील 18 व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यपूर्वेतील यहुदी व भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. तुकड्यांच्या लांबीवरून हे मिश्रण सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचे ठरले. यहुदी वारसा अधिक करून पुरुषांकडून, तर भारतीय वारसा स्त्रियांकडून आला असावा, असाही निष्कर्ष निघाला. म्हणजे गलबताची कथा तंतोतंत सिद्ध झाली असे नव्हे. दुरून आलेल्या पूर्वजांची आठवण मात्र निराधार नव्हती. शिवाय मिश्रणाचा काळ हाच आगमनाचा काळ असे मानण्याचे कारण नाही. लहान समाजात आपसातच विवाह होत राहिल्यास काही आनुवंशिक विकार वाढू शकतात, असा इशाराही या अभ्यासात आहे. तेव्हा हे संशोधन केवळ कुतूहलासाठी नाही.

आता वर्गातल्या वादाकडे वळू. वीस पिढ्या मागे गेल्यास हिशेबाने प्रत्येकाच्या पूर्वजांच्या जागा दहा लाखांहून अधिक भरतात. वाय गुणसूत्र त्यांतील एकाच पुरुषाची साक्ष देते. आडनावही बहुधा तेवढेच सांगते. उरलेल्या लक्षावधी पूर्वजांची, विशेषतः ज्यांची नावे कोणत्याच वंशावळीत लिहिली गेली नाहीत त्या असंख्य आयांची, दखल कोण घेणार? त्या आपल्या इतर गुणसूत्रांत तुकड्यातुकड्यांनी वस्तीला आहेत.

आपल्या भंवरकुआं भागाचेच पाहा. येथे गावोगावची मुले शिकावयास येतात. चहाच्या टपरीवर हिंदी, माळवी, मराठी एकाच वेळी कानी पडते. माणसांचे असे एकत्र येणे आजचे नाही. म्हणून मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर एवढेच: बाळ, मी कोकणी बोलते ही माझ्या आईची देणगी, मराठी शिकविते ही शाळेची, आणि मी मूळची कोण म्हणशील, तर तुझ्यासारखीच, अनेकांची.