शाळा बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

भाषा 'येणं' आणि भाषा 'वापरणं' यांत फरक आहे. आज त्याचं एक व्यवहारातलं उदाहरण घेऊ. जपानी भाषेत 'शितामी' असा एक शब्द आहे. काम हाती घेण्याआधी जागेवर जाऊन केलेली पाहणी, ती शितामी. विद्यार्थ्यांची तुकडी इंग्रजी शिकायला परदेशी धाडायची असेल, तर आधी कोणी तरी तिथली भाषाशाळा बघून येतो. त्याने काय बघावं?

जपानची ही वाट जुनी आहे. १८७१ साली इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली शिकायला अमेरिकेला निघाल्या. सर्वांत धाकटी त्सुदा उमेको, वय अवघं सहा. १८८२ साली ती परतली तेव्हा मातृभाषा जवळजवळ विसरली होती. पुढे १९०० साली तिने मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली; आजचं त्सुदा विद्यापीठ ते हेच. कर्तृत्व थोर, यात शंका नाही. पण निर्णय मोठ्यांनी घेतला आणि मोल मुलीने मोजलं, हेही आपण विसरू नये. परदेशी पाठवणाऱ्याची जबाबदारी ती इथेच सुरू होते.

आता बघा, काही गोष्टी तोक्योत बसूनही कळतात. ब्रिटनमध्ये शाळेला ब्रिटिश कौन्सिलची मान्यता आहे का, ऑस्ट्रेलियात तिचा अभ्यासक्रम सरकारी नोंदवहीत आहे का, हे कागदावर तपासता येतं. त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला? जाऊन बघायचं ते कागदावर नसलेलं.

पहिली गोष्ट, वर्गात कोण बसलंय? जपानी विद्यापीठांना फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि उन्हाळ्यात लांब सुट्टी असते. तुकड्या तेव्हाच निघतात, आणि सगळ्यांच्या एकदमच निघतात. पाहुणा ऑक्टोबरात गेला तर त्याला ब्राझील, तुर्कस्तान, इटलीची मुलं एकत्र दिसतील. ऑगस्टमध्ये त्याच बाकांवर निम्मे जपानी असू शकतात. मग मधल्या सुट्टीत कोणती भाषा ऐकू येणार? म्हणून पाहणी शक्यतो त्याच हंगामात करावी. ते जमत नसेल तर त्या महिन्यांतली देशवार संख्या मागून घ्यावी.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो? अनेक जपानी विद्यार्थी मनात वाक्य पूर्ण जुळल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. त्या शांततेला 'येत नाही' समजून शिक्षक पुढे सरकला, की बोलकी मुलं बोलत राहतात आणि हा गप्प तो गप्पच. फिलिपिन्समध्ये सेबूच्या शाळांत एका विद्यार्थ्याला एक शिक्षक अशा तासिका असतात. तिथे लपायला जागाच नाही. मात्र अनोळखी चौघांत बोलण्याचं धाडस तेवढ्याने येतं असं नाही. कोणाला काय हवं, हे तुकडी बघून ठरवायचं.

तिसरी गोष्ट वर्गाबाहेरची. विद्यार्थी ज्या घरी राहणार तिथून शाळेपर्यंत स्वतः बसने जाऊन बघावं. इंग्लंडात डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. सोळा वर्षांच्या मुलीला तो रस्ता कसा वाटेल? रात्री जेवताना त्या घरातली माणसं तिच्याशी बोलतील, की ताट देऊन आपापल्या खोलीत जातील? संचालक चहा पाजून इमारत दाखवतील, ती बघावीच. पण तिथे शिकणाऱ्या मुलांशीही बोलावं, तेही कार्यालयातलं कोणी शेजारी नसताना.

अॅरिस्टॉटल म्हणतो, घरं बांधूनच माणूस गवंडी होतो. बोलण्याचंही तसंच आहे. तेव्हा आपल्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : इथे या मुलाला चुकत चुकत बोलायची संधी दिवसातून किती वेळा मिळेल? वर्गात, वाटेवर आणि जेवणाच्या टेबलावर, तिन्हीकडे याचं उत्तर मिळालं, तर पाहणी झाली म्हणायची. नाही तर आपण फक्त इमारत बघून आलो.