त्या दिवशी आपल्याकडे नेमकं कोण येणार?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या नंदनवनात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. जगनाडे चौकापासून खरबीपर्यंत दर दोन दिवसांनी एक वरात, पुढे डीजे नाहीतर धुमाल, आणि मागे अडकलेले आपण, हॉर्न वाजवत. लग्नाची कामं घेणारे लोक कसे निवडायचे यावर एक भाग करा, असे बरेच मेसेज आले होते. त्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे फार भरकटलो होतो तिथे थोडं कापलंय.

मागच्या वर्षी ताईचं लग्न झालं. लॉन बाबांनी ठरवलं, बाकी सगळं माझ्या गळ्यात. ऑफिसात जे करतो तेच मी घरी केलं, एक्सेल शीट बनवली. बिछायतवाले, कॅटरर, फोटोवाले, मेहंदीवाली, फुलवाले, डीजे. प्रत्येकाचा दर, बयाना, रिव्ह्यू, सगळं रंगवून. शीट मस्त होती. फक्त त्यात एक कॉलम नव्हता: त्या दिवशी आपल्याकडे प्रत्यक्षात कोण येणार?

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते समजायला आधी तारखांचं गणित बघा. आषाढी ते कार्तिकी एकादशी म्हणजे चातुर्मास, बहुतेक घरी लग्न नाही. पौषात बरेच जण टाळतात. मग गुरूचा किंवा शुक्राचा अस्त असला की अजून तारखा गेल्या. २०२४ आठवतं का? एप्रिलच्या शेवटी शुक्राचा अस्त, मेच्या सुरुवातीला गुरूचा. ऐन उन्हाळी सुट्ट्यांत बऱ्याच पंचांगांत मुहूर्त जवळपास नव्हतेच. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे तो महिनाही गेला. लग्नं कमी होत नाहीत, उरलेल्या तारखांवर येऊन पडतात. त्यात रविवार आला की बघायलाच नको. नागपुरात बौद्ध पद्धतीनं होणारी लग्नं भरपूर, तिथे मुहूर्ताची अट नसते. पण सुट्टी सगळ्यांना रविवारचीच असते, त्यामुळे गर्दी तिथेही होते.

आता बिछायत केंद्रवाल्या काकांच्या जागी स्वतःला ठेवा. वर्षातले मोजके दिवस कमाईचे. एका तारखेला पाच फोन येतात. दोन कामांपुरतं सामान आणि माणसं स्वतःची आहेत. तीन नाकारायची? कोण नाकारेल! मग खुर्च्या दुसऱ्याकडून, जनरेटर तिसऱ्याकडून, वाढपी ठेकेदाराकडून. फोटोवाला आपल्या ओळखीतल्या चार पोरांना फोन लावतो. याला मी फसवणूक म्हणत नाही. हा धंदा असाच चालतो, आणि बऱ्याचदा नीट चालतो. पण आपण इन्स्टावर ज्याचं काम पाहून पैसे दिले आणि मांडवात जो उभा आहे, ती दोन वेगळी माणसं असू शकतात.

आमच्याकडे तसंच झालं. फोटोवाल्या भाऊंचं पेज एकदम जोरदार, साक्षगंधाला ते स्वतः आले, कामही छान. लग्नाच्या दिवशी एक एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा कॅमेरा घेऊन आला. मी विचारलं, भाऊ कुठायत? तो म्हणाला, "दादा, भाऊ दुसऱ्या लग्नात आहेत. मला तर काल रात्री फोन आला." त्याची काहीच चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की निघायच्या आधी ताई घरी आजीच्या पाया पडणार आहे, कारण आजीला लॉनपर्यंत नेणं शक्य नव्हतं. तो सरळ लॉनवर पोचला. मी फोन करून त्याला घरी बोलावलं, धावत-पळत पाच-सात फोटो काढले त्यानं. अल्बम आला तेव्हा त्यात ते नव्हते. निवड करताना कुणीतरी वगळले असणार. तीन महिन्यांनी आजी गेली, तेव्हा मला ते फोटो आठवले. फोन केला तर उत्तर आलं, डेटा उडवला, हार्ड डिस्क भरली होती. त्या मुलालाही फोन केला. त्यानं कार्ड त्याच रात्री भाऊंकडे दिलं होतं. संपलं.

यात कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ आपल्या बाजूनं आहे. पैसे देऊन, आपल्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोंचा आणि फिल्मचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. ते 'वेगळं काही' बऱ्याचदा कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरात असतं, म्हणून वाचा. पण मालकी तुमची असली तरी त्यानं डेटा किती दिवस सांभाळायचा हे त्या कलमात नाही. म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो, स्वतःची हार्ड डिस्क घेऊन जा आणि त्याच रात्री सगळी कार्डं कॉपी करा. १२८ जीबीचं कार्ड बऱ्या कार्ड रीडरनं साधारण अर्ध्या तासात उतरतं. लॅपटॉप आणि एक जागा माणूस, बस. हे बुकिंगच्या वेळीच बोलून ठेवा. आयत्या वेळी मागितलं तर समोरच्याला अविश्वास वाटतो, आणि त्याचंही बरोबर आहे.

बुकिंगला काय विचारायचं, तर दरानंतर लगेच हे: त्या तारखेला तुमची अजून किती कामं आहेत? आमच्याकडे तुम्ही स्वतः असाल का? नसाल तर कोण, त्याचं नाव आणि नंबर काय? खरं उत्तर देणारा माणूस थोडा थांबतो, डायरी काढतो. जो लगेच "टेन्शन नका घेऊ भाऊ, होऊन जाते सगळं" म्हणतो, त्याच्याबद्दल मला आता टेन्शन येतं. मेहंदीवाल्या एका ताईंनी मला सरळ सांगितलं, त्या दिवशी माझं दुसरीकडे आहे, बहीण येईल, तिचं काम हे बघा. आम्ही त्यांनाच काम दिलं, आणि सगळ्यात कमी कटकट तिथेच झाली.

दुसरं, आपल्या भागातला माणूस घेण्याचा खरा फायदा जाऊन बघता येण्यात आहे. ॲपवरच्या रिव्ह्यूला गोदाम नसतं. बिछायतवाल्याचं गोदाम बघा, खुर्च्या-गाद्या कशा ठेवल्यात ते कळतं. आणि जमलं तर त्याचं चालू असलेलं एखादं लग्न बघा. परवानगी घेऊन हं, नाहीतर जेवायला घुसलेले समजतील! रात्री आठ-साडेआठला जा, तेव्हा खरा लोड असतो. ताटं पुसलेली आहेत की ओली? हात धुवायच्या जागी पाणी येतंय का? लाइट गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो? उन्हाळ्याचं लग्न असेल तर कूलर मोजा आणि त्यात पाणी भरायला कोण ठेवलाय तेही विचारा. २३ मे २०१३ ला आपल्या शहरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. पाणी संपलेला कूलर गरम वाराच फेकतो. मार्च-एप्रिलमधलं लॉन असेल तर अवकाळी पाऊस आणि गारपीट धरूनच चाला. वॉटरप्रूफ मंडप लॉनवाला देणार की बिछायतवाला, हे दोघांनाही वाटतं की दुसरा देणार.

जेवण. इथे नागपुरात दोन पद्धती आहेत. एक, कॅटररला प्लेटवर द्यायचं. दोन, आचारी मजुरीवर लावायचा, तो यादी देतो, किराणा आपण इतवारीतून आणि भाजी कळमन्यातून आणायची. दुसरी पद्धत स्वस्त पडते असं मामाजी लोक छातीठोकपणे सांगतात. पडतेही, जर घरात तीन रिकामी माणसं असतील. तेलाचे पिपे, गॅस, वाढपी, भांडी, उरलेलं अन्न, सगळं आपल्या डोक्यावर. आमच्याकडे रिकामा फक्त मी, तोही वर्क फ्रॉम होम करणारा. म्हणून आम्ही प्लेटवर गेलो.

प्लेटवर गेलात की भांडण एकाच गोष्टीवर होतं, मोजणीवर. समजा सहाशे प्लेटची हमी दिली. चारशे नव्वद लोक जेवले तरी पैसे सहाशेचे. आणि सातशे वीस प्लेट गेल्या असं रात्री साडेअकराला सांगितलं तर तुम्ही काय करणार? कुणाची प्लेट पडली, कुणी गोड घ्यायला नवी उचलली, पोरांनी दोन-दोन घेतल्या, त्या सगळ्या मोजल्या जातात. उपाय अगदी साधा आहे. जेवण सुरू व्हायच्या आधी आपला एक माणूस कॅटररच्या माणसासोबत थप्प्या मोजतो, शेवटी उरलेल्या मोजतो, आणि दोघं कागदावर सही करतात. हे काम चुलत भावाला द्या, पण ज्याला नाचायचंय त्याला नको. हमीचा आकडाही हिमतीनं कमी सांगा आणि जास्तीच्या प्लेटचा दर आधीच ठरवा. वडाभात-मठ्ठा ठेवणार असाल तर तो कोण करतो हे वेगळं विचारा. मोठ्या मेनूवाल्यांकडे बऱ्याचदा त्याचा आचारी बाहेरचा असतो, आणि पाहुणे चायनीज काउंटर विसरतात पण वडाभात फसला तर वीस वर्षं बोलतात. कॅटररकडे एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर हवा. २०२२ च्या जानेवारीपासून तो बिलावर छापणं सक्तीचं आहे, आणि खरा आहे का ते ऑनलाइन बघता येतं.

डीजेबद्दल फार नाही बोलत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. वरात सव्वानऊला निघणार असेल तर चार तासांचे पैसे कशाचे देताय, तेवढं विचारा.

आता पैसे. फोनवर जे ठरलं ते दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: तारीख, वेळ, कोण येणार, काय-काय, किती दिले, किती राहिले. समोरून "हो" आलं की पुरेसं. बयाना यूपीआयनं द्या आणि नोटमध्ये कशासाठी ते लिहा. पण शेवटचा हिशेब यूपीआयवर ठेवू नका, कारण व्यक्तीला पाठवायची मर्यादा साधारण दिवसाला एक लाख असते. रात्री बारा वाजता तीन जणांना पैसे द्यायचेत आणि ॲप नाही म्हणतंय, हा अनुभव घेऊन झालाय.

तारीख बदलली किंवा लग्नच थांबलं तर काय, हेही त्याच मेसेजमध्ये असू द्या. २५ फेब्रुवारी २०२१ पासून आपल्या जिल्ह्यात कोरोनामुळे मंगल कार्यालयं बंद ठेवली होती, आठवत असेल. तेव्हा ज्यांचं आधीच ठरलं होतं की बयाना पुढच्या तारखेला लावायचा, त्यांची कामं बोलून मिटली. बाकीच्यांना त्याच लॉनवाल्याशी भांडावं लागलं, ज्याची स्वतःची कमाई बंद होती.

शेवटची रक्कम अडकवून ठेवावी का? माझं मत, फोटो-अल्बमसारखं नंतर मिळणारं काही असेल तर ठेवा, वीस-पंचवीस टक्के, आणि कच्चा डेटा हातात आल्यावर द्या. कॅटरर आणि बिछायतवाल्याचे मात्र त्याच रात्री चुकते करा. तुम्ही दोन दिवस थांबवले की ठेकेदार वाढप्यांचे थांबवतो, आणि रात्री एक वाजता ती पोरं खिशात काही नसताना घरी जातात. घासाघीस करतानाही हेच लक्षात असू द्या. फोटोच्या कामातून पंधरा हजार कमी करवून घेतले होते मी, फार खूश होतो. ते भाऊंनी स्वतःच्या खिशातून थोडेच सोडले असणार. आमच्या वाटेला काल रात्री फोन गेलेला मुलगा आला, त्यात माझ्या पंधरा हजारांचाही हात असू शकतो.

खरंच कुणी काम केलं नाही, पैसेही परत देत नाही, तर आधी लेखी नोटीस द्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन. त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेसाठी शुल्क नाही, तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, ई-जागृतीवरून ऑनलाइनही. मुदत दोन वर्षं. व्हॉट्सॲपवरचं ते "हो" तिथे कामी येतं. मी गेलो नाही. आजीच्या फोटोंची भरपाई किती मागायची ते मला ठरवता आलं नाही.

आणि एक. काम करायला आलेल्या माणसांच्या प्लेट हमीत धरा: फोटोवाले, ड्रायव्हर, मेकअपवाली, डीजेची पोरं, सहज पंचवीस होतात. त्यांची जेवायची वेळही ठरवा, पाहुण्यांची गर्दी व्हायच्या आधीची. आम्ही धरल्या नव्हत्या. साडेअकराला आईनं त्या कॅमेऱ्यावाल्या मुलाला बसवून ताट वाढलं, तेव्हा कळलं की तो सकाळपासून एका चहावर होता.