गोल्डफिश आठ दिवसांत का मरतो? आधी पाणी तयार करा, मग मासा आणा

मुलांच्या हट्टापायी जत्रेतून किंवा तालुक्याच्या दुकानातून पिशवीत घालून गोल्डफिश घरी येतो. पहिले दोन दिवस अख्खं घर काचेसमोर बसून असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो, पाणी दुधाळ दिसतं आणि आठवडा संपायच्या आत मासा उलटा होऊन तरंगतो. मग कुणी म्हणतं, दुकानदारानं आजारी मासा दिला. कुणी म्हणतं, आपल्या घराला मासे लाभत नाहीत. शेवटी एक तर नवा मासा येतो, नाहीतर टाकी माळ्यावर जाते.

बहुतेक वेळा हा मासा आजारीही नसतो आणि उपाशीही नसतो. तो स्वतःच्याच घाणीनं विषारी झालेल्या पाण्यात मरतो. नीट सांभाळला तर गोल्डफिश १० ते १५ वर्षं आरामात जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला 'टिश' नावाचा गोल्डफिश तब्बल ४३ वर्षं जगला. तो १९९९ मध्ये मेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. म्हणजे जत्रेतला मासा टिकत नाही, असं काही नाही. पाणी टिकवलं तर मासा टिकतो.

पाण्यात नेमकं काय बिघडतं?

गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्याच कुळातला मासा. मूळचा चीनचा. तिथं हजार वर्षांहून अधिक काळ रंग बघून त्याची निवडून पैदास होत आली आहे. या माशाला जठर नसतं. खाल्लेलं आतड्यातून पटकन पुढं सरकतं, म्हणून तो सतत खायला बघतो आणि घाणही भरपूर करतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले दाणे आणि विष्ठा कुजून त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ असलं तरी त्यात मासा मरू शकतो, तो यामुळेच.

शेतकऱ्यांना हे युरियावरून लगेच कळेल. शेतात टाकलेल्या युरियाचा आधी अमोनिया होतो, मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि पीक ते उचलतं. टाकीतही असेच जिवाणू काम करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला घातक. नायट्रेट त्या मानानं सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं.

अडचण एवढीच, की नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. फिल्टरचा स्पंज, तळाची खडी आणि काचेवर त्यांचा थर बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपण मात्र सकाळी टाकी आणतो आणि संध्याकाळी मासे सोडतो.

टाकीलाही विरजण लागतं

टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि मासा न आणता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल आणि त्यावर जिवाणू वाढतील. घाई असेल तर दुधाला लावतो तसं विरजण लावा. ओळखीत कुणाकडं बरेच महिने चाललेली निरोगी माशांची टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडी ओलीच आणून आपल्या टाकीत ठेवा. काम बरंच लवकर होतं.

मासे आधीच आणले असतील तर घाबरू नका. पहिला महिनाभर रोज किंवा एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला आणि खाद्य निम्म्यावर आणा. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट मिळतं. दोन्ही शून्य यायला लागले, की टाकी तयार झाली असं समजा.

मासा सोडताना पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग उघडून टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत मिसळा आणि जाळीनं फक्त मासा आत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

टाकी केवढी हवी?

गोल काचेचं भांडं दिसायला छान, पण गोल्डफिशसाठी ते भांडं म्हणजे कोंडवाडा. त्यात पाणी कमी, तोंड निमुळतं आणि फिल्टरला जागा नाही. हिशोब सोपा आहे. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करून १,००० नं भागा, तेवढे लिटर पाणी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५४ लिटर बसतं. तेवढ्यात एक गोल्डफिश नीट राहतो. दोन ठेवायचे तर ८०-१०० लिटरची टाकी घ्या.

अनेक घरांत वास्तूसाठी म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवायची पद्धत आहे. श्रद्धा ज्याची त्यानं ठरवावी, पण दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश म्हणजे एका खोलीत नऊ म्हशी बांधल्यासारखं आहे. दुकानात बोटभर दिसणारा मासा वाढून वीतभर होतो. ओरांडा, ब्लॅक मूर यांसारखे गोलसर, दुहेरी शेपटीचे मासे सावकाश पोहतात. लांबट, एकेरी शेपटीचे कॉमेट चपळ असतात आणि त्यांचं खाणंही पळवतात. म्हणून दोन्ही एकत्र ठेवू नका.

नळ, बोअर की जारचं पाणी?

नळाचं पाणी: गावच्या टाकीत जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतात. माणसांसाठी ते गरजेचंच आहे. पण त्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. म्हणून पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा, मधूनमधून मगानं ढवळा. नाहीतर दुकानात मिळणारे क्लोरीन घालवायचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका.

बोअरचं पाणी: बादलीवर पांढरा थर धरणारं जड पाणी गोल्डफिशला चालतं. मात्र जमिनीतून नुकत्याच आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेही रात्रभर उघडं ठेवून मगच वापरा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी जेवढं अल्कधर्मी आणि गरम, तेवढा अमोनियाचा विषारी भाग जास्त. त्यामुळं बोअरच्या पाण्यावर मासे ठेवणाऱ्यांनी खाद्य कमी आणि पाणी बदलणं नियमित, हा नियम जास्त काटेकोर पाळावा.

आरओचं जारचं पाणी: शुद्ध म्हणून हेच भरण्याचा मोह होतो. पण त्यातले क्षार निघून गेलेले असतात. नुसतं हेच पाणी गोल्डफिशला योग्य नाही.

चपाती, बिस्किट, कुरमुरे बंद

मासा काचेपाशी येऊन तोंड हलवतो म्हणून घरातला प्रत्येक जण दाणे टाकतो. सकाळी आजोबा, दुपारी आई, संध्याकाळी मुलं. जास्त मासे उपासानं नाही, या लाडानं मरतात. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या. त्यासाठी घरातला एकच माणूस ठरवा. खाली उरलेलं लगेच काढा. चपाती, बिस्किट, कुरमुरे, ब्रेड यांनी पाणी सडतं आणि माशाचं पोट फुगतं.

दाणे देण्याआधी मिनिटभर पाण्यात भिजवा, म्हणजे ते पोटात जाऊन फुगत नाहीत. मासा तिरका पोहत असेल, पोट फुगलं असेल तर एक-दोन दिवस काहीच देऊ नका. नंतर मटारचा दाणा उकडून, साल काढून, कुस्करून द्या. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर माशाला काही होत नाही.

लाइट गेली तर? ऊन वाढलं तर?

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. १८ ते २४ अंशांत तो खूश असतो. पाणी तापलं, की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. त्यात एप्रिल-मे महिन्यात लाइट गेली आणि एअर पंप बंद पडला, तर मासे वर येऊन धापा टाकतात.

अशा वेळी मगानं टाकीतलंच पाणी उचलून वरून धार सोडा, दर थोड्या वेळानं पाच-दहा मिनिटं. लाइट येईपर्यंत खाद्य देऊ नका. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, भारनियमनाच्या गावात तो घेऊन ठेवलेला बरा. टाकी पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. झाकण काढून जाळी टाका आणि पंखा पाण्यावर येऊ द्या. बर्फ थेट टाकू नका, तापमान एकदम उतरलं तर माशाला धक्का बसतो.

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येतं. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद करा.

फवारणीची बादली वापरू नका

शेतकरी घरात हा धोका मोठा आहे. कीटकनाशकाचा अंशही माशाला मारू शकतो. फवारणीसाठी कधीही वापरलेली बादली, ड्रम किंवा मग टाकीसाठी घेऊ नका. फवारून आल्यावर त्याच हातानं खाद्य देऊ नका. घरात डास-झुरळांसाठी स्प्रे मारायचा असेल तर टाकी झाका आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण तो खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

लक्षणं ओळखा

वर येऊन तोंड उघडझाप, परांवर लाल रेषा, तळाला गप्प बसून राहणं, ही बहुतेक वेळा खराब पाण्याची लक्षणं असतात. औषध शोधत बसण्याआधी चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदला.

अंगावर मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासा खडीला अंग घासत असेल, तर तो व्हाइट स्पॉट नावाचा परजीवी रोग. त्यावर मीठ उपयोगी पडतं. लिटरला दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला १०० ते १५० ग्रॅम साधं खडे मीठ. ते पाण्यात विरघळवून, तीन भाग करून दिवसभरात टाका. पाणी बदलाल तेव्हा जेवढं काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ पुन्हा घाला. टाकीत जिवंत वनस्पती असतील तर त्या आधी काढा. मात्र फक्त कल्ल्यांवर आणि पुढच्या परांवरच बारीक ठिपके असतील आणि मासा चपळ असेल, तर तो वयात आलेला नर असू शकतो. त्याला औषध लागत नाही.

निळं औषध किंवा माणसांच्या कॅप्सूल फोडून टाकू नका. त्यानं फिल्टरमधले कामाचे जिवाणूच मरतात आणि अमोनिया पुन्हा वाढतो.

नको झाला म्हणून विहिरीत सोडू नका

आरोग्य खातं डासांसाठी गप्पी मासे सोडतं, मग गोल्डफिश सोडला तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण गोल्डफिश तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि दुसऱ्या माशांची अंडी खातो. टाकीतले रोगही त्याच्याबरोबर जातात. तलाव, ओढा, शेततळं, विहीर कुठंच तो सोडू नका. सांभाळणं जमत नसेल तर दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या.

दर आठवड्याचं काम, अर्ध्या तासात

• नळीनं तळाची घाण ओढत चौथा हिस्सा पाणी काढा.

• फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुऊ नका.

• मुरलेलं, साधारण तेवढ्याच तापमानाचं पाणी हळूहळू भरा.

• सगळे मासे बाहेर काढून टाकी साबणानं घासू नका. त्यानं जिवाणूंचा थर जातो आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

• काढलेलं पाणी तुळशीला, फुलझाडांना घाला, त्यात नायट्रेट असतं. मीठ टाकलेलं पाणी मात्र झाडांना नको.

हे काम मुलांना सोबत घेऊन करा. मासा आणायचा हट्ट त्यांचा असतो, तर रविवारची बादलीही त्यांच्या हातात द्या. महिनाभर रिकाम्या टाकीकडं बघत थांबायला त्यांना जड जाईल, पण पाचव्या दिवशी मेलेला मासा बघण्यापेक्षा ते बरं.